वापस पुसायचं राहून गेलं

लिंबाजी,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं आणि मी तोंड वर करून खोटं बोललो. बौद्धवाड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. सगळे खाली बसले होते आणि पंचायत समितीचा सभापती म्हणून मला एकट्यालाच खुर्ची दिली होती. मी म्हणालो, लिंबाजी मास्तर आदर्श शिक्षक होते, त्यांच्या जाण्यानं तालुक्याची हानी झाली, त्यांचा आणि माझा लहानपणापासूनचा स्नेह होता. लोकांनी माना डोलावल्या. गयावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या भाषणावर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे. ‘माणिक, हे तर कुनाच्याबी मयतीला चालतंय. माझ्यासाठी येगळं काय आनलंस?’ म्हणून आज लिहायला बसलोय. तू जाऊन तीन महिने झाले. वेचलेला कापूस ओसरीत तसाच पडलाय, परवा मतदान आहे, कार्यकर्ते बाहेर चहा पीत बसलेत आणि मी इथं तुझ्याशी जुनं भांडण उकरून काढतोय. भांडण अर्ध्यावर सोडून उठून जायची खोड माझी होती. या वेळेला तू गेलास, एवढाच फरक.

भांडणाचं मूळ सेलूच्या शाळेत आहे. निजामाचं राज्य होतं, सगळं उर्दूत. आपण दोघं गावातून पायी जायचो, वाटेत आपल्या दोघांशिवाय कुणी नसायचं. तुझ्या खांद्याला पाण्याची शिशी असायची. अर्ध्या वाटेवर तू थांबून प्यायचास आणि शिशी माझ्यापुढं करायचास. ‘तहान लागली न्हाई का?’ मी म्हणायचो, न्हाई. घसा कोरडा पडलेला असायचा, पण घरून सांगितलेलं होतं. पुढं एका मळ्यात विहीर लागायची, तिथं मी पळत जायचो आणि तू बांधावर माझी वाट बघत उभा राहायचास. त्या विहिरीवर तुला जाता येत नव्हतं. तू रोज विचारायचास आणि मी रोज न्हाई म्हणायचो. किती वर्षं विचारलंस तू.

त्या शाळेत इंग्लंडच्या इतिहासाचं एक उर्दू पुस्तक होतं. मला त्यातलं काही आठवत नाही, राजांची नावं पाठ न झाल्याबद्दल छड्या खाल्लेल्या तेवढ्या आठवतात. तू मात्र त्यातल्या एका पानावर अडकलास तो अडकलासच. इंग्लंडात कुणी निवडून आलेला माणूस वजीर झाला, की त्याची पार्लमेंटातली जागा आपोआप रिकामी व्हायची. मग त्या एका जागेसाठी पोटनिवडणूक. त्यानं परत आपल्या गावी जायचं, परत दारोदार फिरायचं. लोक हो म्हणाले तर वजीर. नाही म्हणाले तर घरी.

तू उठून मौलवीसाहेबांना विचारलंस, की एकदा मत दिलंय, मग परत कशाला? मौलवीसाहेब पान खात होते. ते म्हणाले, “पहले भेजे सो अपना आदमी था. अब बादशाह का नमक खाता. पूछना पडता ना, अब भी अपनाच है क्या.” आणि पुढं म्हणाले, की एका वजिराला लोकांनी खरोखर पाडलं. वर्ग हसला. आपल्यातल्या कुणाच्या बापानं तोवर मत दिलेलं नव्हतं. मत म्हणजे काय चीज असते हे ठाऊक नसलेली चाळीस पोरं, विलायतेचा वजीर पडला म्हणून हसत होती. तू हसला नाहीस. घरी येताना सगळी वाट तेच बोलत होतास.

मी सातवीत शाळा सोडली आणि औताला लागलो. तू शिकलास, मास्तर झालास, आपल्याच गावच्या शाळेत आलास. मला मराठी सही येत नव्हती, उर्दूत यायची. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर सही करायची वेळ आली तेव्हा तू शाळा सुटल्यावर मला पाटी देऊन बसवलंस. चाळिशीला टेकलेला माणूस पाटीवर ‘माणिक’ गिरवत होता आणि तू ‘म’ची गाठ नीट काढ म्हणून दटावत होतास. सहीवर थांबला नाहीस, पुढं सगळं मराठी लिहायला शिकवलंस. तेव्हा मला लाज वाटली होती. आता त्या आठवणीनं गलबलून येतं. मला दुसऱ्या कुणी असं जवळ बसवून काही शिकवलं नाही.

तुझ्या वर्गात तो इंग्रजी कायदा चालू होता हे गावाला फार उशिरा कळलं. चौथीच्या वर्गाला तू मॉनिटर निवडायला लावायचास आणि त्याच्या हातात छडी दिली, की दुसऱ्या दिवशी परत सगळ्यांना हात वर करायला सांगायचास. छडी हातात आल्यावर हा अजून आपला वाटतोय का? माझी लेक सुमन अशीच एका दिवसात पडली. रडत घरी आली. मी तावातावानं तुझ्याकडं आलो तर तू म्हणालास, “तिनं पहिल्याच दिवशी तिघांना मारलं. पडायचीच.” पुढच्या खेपेला ती परत उभी राहिली आणि टिकली. आज ती नांदते तिथं लोक तिला विचारून कामं करतात. हे तुझं देणं आहे आणि ते मी त्या खुर्चीवरून सांगायला हवं होतं.

बाहत्तरच्या पंचायत समितीच्या निवडणुकीत मला तूच उभं केलंस. “तुझ्याकडं जमीन बी कमी अन् दुश्मन बी कमी. तूच बरा,” म्हणालास. सरकारी नोकर म्हणून तुला उघड फिरता येत नव्हतं, पण माझं भाषण तू लिहिलंस आणि त्यात शेवटी ते वाक्य घातलंस. मी पारावर उभा राहून म्हणालो, “उद्या मी सभापती झालो तर राजीनामा देईन आणि परत तुमच्या दारात पुसायला येईन.” लोक आधी बुचकळ्यात पडले आणि मग जाम टाळ्या वाजल्या. असलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. गावात त्याला नावच पडलं, वापस पुसणं.

त्याच दिवशी बौद्धवाड्यात गेलो. तुझ्या दारात माणसं जमलेली. गयावहिनींनी पितळी पेल्यात पाणी आणलं आणि मी सगळ्यांच्या देखत गटागटा प्यालो. कुणीतरी टाळी वाजवली. मला फार बरं वाटलं, आपण काही मोठं केलं असं वाटलं. संध्याकाळी तू माझ्या मळ्यात आलास आणि शांतपणे विचारलंस, “माणिक, दुपारी पानी पिलास, तवा तहान लागली व्हती का मतं दिसायली व्हती?”

मी चिडलो. म्हणालो, एवढं करून वर हे ऐकायचं का. आणि उठून बैलं सोडायला गेलो. उत्तर दिलं नाही. पुढंही कधी दिलं नाही. तू परत विचारलं नाहीस, पण तो प्रश्न तू मागे घेतला नाहीस हेही मला कळत होतं.

निसटता निवडून आलो. बौद्धवाडा एकगठ्ठा माझ्यामागं राहिला म्हणून आलो. आणि खरंच सभापती झालो, कारण मोठ्या दोन गटांचं आपसात जमेना आणि मधला माणूस म्हणून त्यांना मी चालत होतो. जीप आली, खुर्ची आली, शिपाई आला. पाठोपाठ दुष्काळ आला.

दुष्काळाची सबब खोटी नव्हती, लिंबाजी. खडीच्या कामावर माणसं उन्हात मरायला टेकली होती, रोज कुठल्या ना कुठल्या गावचं टँकरचं भांडण माझ्यासमोर यायचं. तेव्हा राजीनामा देणं म्हणजे पळून जाणं झालं असतं. हे तूही मान्य केलंस. “उन्हाळा काढ. मंग पुस,” म्हणालास. पण पाऊस पडला. मी म्हणालो, आधी पेरण्या होऊ दे. पेरण्या झाल्या. मी म्हणालो, आधी रस्त्याचं तेवढं मार्गी लागू दे. जीप शाळेवरून जायची तेव्हा तू हात करायचास. मी थांबवायचो. तू खिडकीजवळ येऊन दोनच शब्द बोलायचास.

“पुसलंस का?”

आधी मी हसायचो. मग ड्रायव्हरसमोर अवघडल्यासारखं व्हायला लागलं. मग मी वालूरच्या अंगानं लांबचा रस्ता धरायला लागलो. मैलभर जास्त पडायचं.

त्याच सुमाराला सेलूच्या मोंढ्यात एक वकील भेटले. कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, आम्ही सावलीला बोलत उभे होतो. मी थट्टेनं तुझा कायदा त्यांना सांगितला. ते म्हणाले, अहो, तो तर इंग्रजांनी कधीच रद्द केला, तुम्ही दोघं जन्मायच्या सुमाराला. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा पाजला. तुझ्यापुढं टाकायला आयतं हत्यार मिळालं होतं.

बाजारच्या दिवशी पारावर दहा-पंधरा माणसं होती. तू पिशवी घेऊन चालला होतास. मी मुद्दाम हाक मारली आणि मोठ्यानं म्हणालो, “लिंबाजी, तुझा इंग्रजी कायदा इंग्रजांनीच कवाच मोडून टाकलाय. तू अजून निजामाच्या पुस्तकातच बसलायस.” माझी माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, मास्तरला पेन्शनीत काढा आता.

तू पिशवी खाली ठेवलीस. “मोडला ते मला ठावं हाय. लय दिवसापासून ठावं हाय. का मोडला ते सांगा, सभापती.”

मला माहीत नव्हतं.

“वजीर पडायला लागले म्हनून मोडला. लोकं खरंच न्हाई म्हनायला लागले तवा त्यांना जड झालं. अन् त्यांनी मोडायच्या आधी निदान पाळला तरी. तुमी पाळायच्या आधीच मोडायलात.”

तू पिशवी उचलून गेलास. माझे कान तापले होते. सगळ्यांत वाईट हे, की त्या क्षणी तू बरोबर आहेस असं मला वाटलं नाही, तुझी जिरवली पाहिजे असं वाटलं. आज खोटं लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

पंधरा दिवसांनी बदल्यांची यादी माझ्या टेबलावर आली. मी वाचत गेलो आणि तुझ्या नावावर थांबलो. नदीपलीकडचं गाव. पूल नाही, एसटी नाही, पावसाळ्यात चार महिने अलीकडं येणं मुश्किल. मी बीडीओसाहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, “तुमच्याच माणसांचा निरोप होता. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. काढू का नाव?”

काढा, एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी काही बोललो नाही. मनाशी म्हणालो, दोन वर्षं लांब राहील, त्याचं डोकं जरा थंड होईल, मग मीच वापस आणीन. हे मनातसुद्धा मी त्याच शब्दात म्हणालो, वापस. आणि सही केली. तू पाटीवर गिरवून घेतलेली सही, ‘म’ची गाठ नीट काढून. लोकांना मी सांगत आलोय की बदली मी केली नाही. खरंच आहे, केली नाही. थांबवणं माझ्या एकट्याच्या हातात होतं, ती थांबवली नाही.

बदली झालेला प्रत्येक मास्तर माझ्या दारात आला. कुणाची आई आजारी, कुणाची बायको बाळंत. तू आला नाहीस. सामान सायकलला बांधलंस आणि गेलास. वहिनी इथंच राहिल्या, कारण त्या गावात राहायला एक खोली आणि तीही गळकी.

वर्षभरानं एकदा ऑफिसात आलास. पडद्याच्या फटीतून मला बाकावर बसलेला दिसलास, बाकीच्या लोकांमध्ये, मांडीवर कागद धरून. मी लगेच बोलावू शकलो असतो. नंबरानं येऊ दिलं. तू आत आलास आणि म्हणालास, “नमस्कार, साहेब.”

साहेब. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी गडबडलो. म्हणालो, “बदलीचं असेल तर मी बघायलोय—”

“बदलीचं न्हाई. तिथल्या वस्तीला विहीर न्हाई. गावच्या विहिरीवर येऊ देत न्हाईत. लोकं नदीतल्या झिऱ्याचं पानी प्यायलेत. अर्ज हाय, सगळ्यांचे अंगठे हायेत.”

“बघू,” मी म्हणालो.

“बघा,” तू म्हणालास आणि गेलास. त्या दिवशी तू ‘पुसलंस का’ म्हणाला नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं. तू त्या वस्तीतच राहतोस, मग तू कुठलं पाणी पितोस, हे मला विचारायचं सुचलं नाही. तू मला वर्षानुवर्षं विचारलं होतंस, तहान लागली न्हाई का. मी एकदाही उलट विचारलं नाही. अर्ज फायलीत गेला. ‘बघू’ म्हटलेल्या कागदांचं जे होतं ते त्याचं झालं.

भादव्यात निरोप आला, मास्तरला कावीळ झालीय, आठ दिवस झाले, आता बोलणंही कमी झालंय. मी जीप काढली. नदी दोन्ही काठ भरून चालली होती. मी अलीकडं उभा होतो आणि पलीकडं दरडीवरून चौघं जण बाज घेऊन उतरताना दिसत होते. पाणी त्यांच्या छातीला लागलं तेव्हा त्यांनी बाज डोक्यावर घेतली. मधेच एकाचा पाय घसरला आणि बाज कलली. मी काठावरून ओरडत होतो आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतही नव्हता. सभापती असून मला करण्यासारखं काही नव्हतं. ते चौघं वस्तीतलेच होते, त्या अर्जावर अंगठे दिलेले.

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे हळदीसारखे झाले होते. परभणीचा रस्ता खराब होता आणि प्रत्येक खड्ड्याला तू दात आवळायचास. बराच वेळ गेल्यावर डोळे उघडलेस.

“जीप कुनाची हाय?”

“सरकारची.”

“मंग लॉगबुकात काय लिहिशील? खासगी काम?”

तशा अवस्थेतही थट्टा. मला हसावं का रडावं कळेना. मी म्हणालो, “गप पड.” तू गप पडलास. मग जरा वेळानं, डोळे मिटूनच, “पुसलंस का?”

“पुसतो,” मी म्हणालो. “तू आधी बरा हो.”

“आधी,” तू म्हणालास. “तू लय आधी म्हनतूस, माणिक.”

त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मुद्दाम नव्हे, शुद्धच राहिली नाही. तिसऱ्या दिवशी गेलास. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं, आणायलाच उशीर झाला होता. परत येताना ड्रायव्हरनं लॉगबुक पुढं केलं. “साहेब, काय लिहू?” मी म्हणालो, “लिही, विहिरीची पाहणी.” त्यानं लिहिलं. खाली मी सही केली. ते पान अजून त्या लॉगबुकात आहे.

पुण्यानुमोदनानंतर आठ दिवसांत राजीनामा दिला. सभापतिपदाचा आणि जागेचाही. त्याआधी शेवटची सही त्या वस्तीच्या विहिरीच्या कागदावर केली. पुढं ती खोदली जाईल का, पाणी लागेल का, हे आता माझ्या हातात नाही. लोकांना वाटलं मी पक्ष बदलतोय. मग वाटलं, कसल्या तरी चौकशीत अडकलोय. मग पोटनिवडणूक लागली आणि मी परत उभा राहिलो, तेव्हा मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं की लिंबाजी मास्तर वारल्यापासून माणिकरावाच्या डोक्यावर परिणाम झालाय. माझ्या जीपमध्ये मागं बसून फिरणारा एक जण आता माझ्याविरुद्ध उभा आहे. तो येईल असं दिसतंय.

गेले वीस दिवस दारोदार फिरतोय, पायी. प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगतो. मी वापस पुसायला येतो म्हणालो होतो आणि आलो नाही. लिंबाजी मास्तरच्या बदलीवर माझी सही आहे. त्यानं विहीर मागितली ती मी दिली नाही. हे सगळं ऐकून मत द्यायचं का ते ठरवा.

लोकांना हे आवडत नाही, लिंबाजी. एक म्हातारा माझा हात धरून म्हणाला, “कशाला सांगायलाव हे? झाकून ठिवा की. आमी देतो मत.” गावठाणात एक जण म्हणाला, एका मास्तरासाठी सभापतिपद घालवलं, उद्या आमची कामं कोण करील? आणि बहुतेक जण नुसते हात जोडतात. देऊ की, देऊ की. तोंडावर नाही म्हणायची सवयच कुणाला राहिलेली नाही आणि ती आमच्यासारख्यांनी राहू दिली नाही. तुझ्या कायद्यातली खरी मेख मला इथं कळली. जाऊन विचारणं सोपं होतं. विचारल्यावर समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे, ते अवघड. चौथीतल्या पोरांना तू तेच शिकवत होतास.

एक दार मी शेवटपर्यंत टाळलं. आज दुपारी गेलो.

गयावहिनी अंगणात कवड्या, डागी कापूस निवडत बसल्या होत्या. आजूबाजूला सगळी माणसं रानात गेलेली, वाडा सुना होता. त्या “या” म्हणाल्या, बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. “वहिनी, लिंबाजीच्या बदलीवर—”

“तुमची सही व्हती,” त्या म्हणाल्या. “ठावं हाय. कागद आला त्याच दिवशी त्येंनी सांगितलं.”

“काय म्हणाला?”

त्यांनी हातातलं बोंड निवडून टोपल्यात टाकलं. “म्हनले, अक्षर सुधारलंय.”

मी तिथंच खाली बसलो. त्या कापूस निवडत राहिल्या, घाई केली नाही, समजूतही घातली नाही. मग मी उठलो, हात जोडले आणि ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. “वहिनी, मी वापस पुसायला आलोय. मत द्याल का?”

त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं.

“न्हाई, भावजी.”

रागानं नाही म्हणाल्या. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नव्हतं. विचार करून दिलेलं उत्तर होतं ते. वीस दिवसांत मला मिळालेलं पहिलं खरं उत्तर.

मी जायला निघालो. त्या म्हणाल्या, “थांबा. ऊन लय हाय.” आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. तोच पितळी पेला. वाड्यात कुणी नव्हतं, टाळी वाजवायला कुणी नव्हतं आणि या दारातलं मत मला मिळणार नव्हतं.

मी पाणी प्यालो, लिंबाजी. तहान लागली होती.